कालिंदीआत्याचं पन्हं

माझी कालिंदीआत्या पन्हं पीत नसे. चैत्रात कलकत्त्यात आमच्या भवानीपूरच्या घरी हळदीकुंकवाला बायका जमल्या की एखादी हटकून विचारायची, "काय हो, तुमच्या कालिंदीला कैरी बाधते वाटतं?" आणि बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. मला असा संताप यायचा की आंब्याच्या डाळीचं पातेलं एकेकीच्या डोक्यावर उपडं करावं! आता आत्या राहिली नाही, म्हणून सगळं सांगून टाकते. ऐकवत नसेल त्याने खुशाल उठून जावं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. जन्म कलकत्त्याचाच. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा टायफॉइडने गेला आणि ती माहेरी परत आली. आजोबांनी तिला नर्सिंगला घातलं, तेवढं एक शहाणपण केलं. पण हळदीकुंकवाच्या दिवशी तिने स्वयंपाकघरात बसून कैऱ्या उकडायच्या, गर काढायचा, गूळ-वेलची घालायची आणि पेले बाहेर न्यायचे ते मात्र माझ्या आईने. बाहेरच्या बायकांना तिच्या हातचं पन्हं चालायचं, तिचं तोंड चालायचं नाही. शिकल्यासवरलेल्या होत्या हो सगळ्या! ती आत पातेली घासत बसायची.

सन बावन्नच्या अखेरीस तिला बराकपूरला नोकरी लागली. नदीकाठी जुना बंगला, दाराशी पहारेकरी, नावाची पाटी नाही. काम सरकारी, मनाच्या आजारांवरच्या संशोधनाचं, आणि गुप्त. इथलं बाहेर बोलणार नाही, अशा कागदावर पहिल्याच दिवशी सही घेतली. वरचे डॉक्टर शरच्चंद्र वैशंपायन, मराठी. दिवाळीला आमच्याकडे फराळाला येऊन गेलेले. "आपला माणूस आहे, मग काळजी कसली?" आजोबा म्हणाले. चार घरं मराठी असलेल्या गावात आपण असेच फसतो. समोरचा मराठी बोलला की आपण त्याला थेट देवघरापर्यंत आत घेतो.

बंगल्यात आठ बायका होत्या. सगळ्या पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित, सियालदह स्टेशनच्या फलाटावर संसार मांडून बसलेल्या. दोन वेळचा भात आणि अंगावर धड साडी मिळेल, एवढं सांगून त्यांना आणलं होतं. त्यांच्यातली निभाननी बारिसालची. स्टीमरघाटावरच्या गर्दीत तिची नऊ वर्षांची मुलगी पुतुल हातातून सुटली, त्याला तीन वर्षं झाली होती. रोज सकाळी उठली की ती आधी आत्याला सांगायची, "दिदी, माझ्या पुतुलच्या डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग आहे. पळी लागली होती. विसरू नकोस हं." मुलगी सापडली तर ओळखायची खूण म्हणून ती दिसेल त्याला हे सांगत असे.

बायका औषधाला तोंड लावत नव्हत्या. डॉक्टरांचा पेला दिसला की पदर तोंडाशी. मग चैत्र लागला तसे डॉक्टर आत्याला म्हणाले, "कालिंदीताई, तुमच्या हातचं त्या घेतात. छान पन्हं करा ना. झोपेचे चार थेंब त्यात घालू. बिचाऱ्यांचं दुःख जरा हलकं होईल."

आत्या मला म्हणाली होती, "सरोज, मला इतका आनंद झाला होता गं! माझ्या हाताने पेले भरून मी बायकांपुढे जायचं, हे सात वर्षांत कुणी मला सांगितलं नव्हतं." तिने केशर घातलं. आठही जणींना पाट मांडून बसवलं. त्या बायकांकडे कैरी भाजून सरबत करतात, उकडलेल्या कैरीचं त्यांना नवल वाटलं. निभाननीने दोन पेले मागून घेतले. चांगला महिनाभर आत्या त्यांना रोज पाजत राहिली.

वैशाखातल्या एका दुपारी ती धुतलेले टॉवेल ठेवायला मागच्या खोलीकडे गेली. पडदे ओढलेले. निभाननी खुर्चीत, नजर एका छोट्या दिव्यावर, डोळे उघडे पण तिथे नसल्यासारखे. डॉक्टर तिच्या कानाशी संथ बंगालीत बोलत होते, "तुला मुलगी नाही. तुला कधीच मुलगी नव्हती. म्हण." आणि निभाननी म्हणत होती. डॉक्टर वहीत वेळ लिहीत होते.

आत्याच्या हातातले टॉवेल खाली पडले. "डॉक्टर, हे काय चालवलंय तुम्ही?"

त्यांनी तिला बाहेर आणलं. जराही गडबडले नाहीत. "औषध आणि संमोहन मिळून माणसाच्या मनातली एक गोष्ट पुसता येते का, ते बघतोय. वरून आदेश आहे, पैसा सरकारचा आहे. आणि ती दुःखातून सुटली की नाही? तुम्ही सही केली आहे, कालिंदीताई. आपल्या माणसांतच राहू दे हे."

आपली माणसं! जळली मेली ती आपली माणसं! ज्या बाईजवळ अंगावरच्या साडीखेरीज काही उरलं नव्हतं, तिच्याकडची शेवटची गोष्ट काढून घ्यायची, तीही आमच्या घरच्या पन्ह्यातून. त्या माणसाने आमच्याकडे चकल्या खाल्ल्या होत्या.

आत्याने त्या दिवसापासून थेंब मोरीत ओतायला सुरुवात केली आणि साधं पन्हं द्यायला लागली. पण निभाननी सकाळी उठून काही सांगेनाशी झाली होती. मग आत्याने डोक्यात घेतलं की मुलगीच समोर उभी करायची. आईला लेक दिसली की सगळं परत येईल, अशी तिची खात्री होती. सुट्टीच्या दिवशी ती निर्वासितांच्या छावण्या पालथ्या घालायची. नावांच्या याद्या बघायची, दिसेल त्या पुतुलच्या डाव्या बाहीकडे हात न्यायची. लोकांनी वेडी म्हटलं. श्रावणात एका छावणीत ती पोर सापडली. बारा वर्षांची, दुसऱ्यांची भांडी घासणारी, कोपरावर पळीएवढा डाग.

पहारेकऱ्याशी भांडून आत्या तिला आत घेऊन गेली. पुतुल "मा!" म्हणून धावली आणि निभाननीच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. निभाननी गोंधळून आत्याकडे बघत म्हणाली, "कुणाची गं ही, दिदी?"

पुतुलने बाही वर केली आणि डाग दाखवला. निभाननीने त्यावरून हलकेच बोट फिरवलं. "अगं बाई, किती भाजलंय! आईने लक्ष ठेवायला नको?"

 

तिने नोकरी सोडली आणि सही मोडून सरकारला पत्रांमागून पत्रं धाडली. त्या वर्षअखेरीस बंगला रिकामा झाला. एकच उत्तर आलं: अशी कोणतीही संस्था अस्तित्वात नाही व नव्हती. छान! मग आमच्या मागच्या खोलीत तेरा वर्षं राहिली ती बाई कोण होती? कारण आत्याने आधी पुतुलला आणि बंगला रिकामा झाला तशी निभाननीलाही आमच्याकडेच आणलं होतं. आजोबा कुरकुरले, तेव्हा तिने सांगितलं, "त्या जातील तर मीही जाते." आजोबांनी पुन्हा विषय काढला नाही.

छप्पन्न साली चैत्रात आपल्या इथल्या मराठी मंडळाने डॉक्टर वैशंपायनांचा सत्कार ठेवला. मोठ्या पदावर दिल्लीला निघाले होते ना! शाल, श्रीफळ, 'मानवी मनाचे सेवक' वगैरे भाषण. मी तेव्हा सोळा वर्षांची, पुतुलच्या शेजारी बसले होते. भाषण संपलं आणि आत्या उठली. घरून केलेलं पन्हं कळशीतून आणलं होतं. विधवेने सगळ्यांदेखत, सत्काराच्या वेळी! मंडळाचे चिटणीस श्रीकांतराव, त्यांच्या पत्नी वृंदाताई तर "अगंबाई!" म्हणून उभ्याच राहिल्या. आत्याने पेला भरला, डॉक्टरांपुढे धरला आणि म्हणाली, "घ्या, डॉक्टर. मी केलंय. तुम्हाला माझ्या हातचं ठाऊकच आहे."

डॉक्टरांचा हात शालीतून बाहेर आला नाही. "नको... सध्या गोड वर्ज्य आहे," असं काहीतरी ते पुटपुटले. मघाशीच त्यांनी दोन पेढे खाल्ले होते. सगळं सभागृह बघत होतं.

"फक्त कैरी आणि गूळ आहे," आत्या म्हणाली. तरी त्यांनी पेल्याला बोट लावलं नाही.

तेव्हा पुतुल उठली. चालत व्यासपीठापाशी गेली, आत्याच्या हातातून पेला घेतला आणि डॉक्टरांकडे बघत एका दमात सगळं पन्हं प्यायली. मग पदराने तोंड पुसलं. आम्ही तिघी बाहेर पडलो, कुणीही अडवलं नाही.

घरी निभाननी दारातच बसली होती. पुतुल नेहमीप्रमाणे तिच्या केसांना तेल लावायला मागे बसली. निभाननीने आत्याला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "दिदी, फार गुणी पोर आहे गं ही. पण रोज इथेच असते. हिला घरी पाठव, आई वाट बघत असेल."