वर्दीतला फोटो

करंजाड्याच्या नाक्यावर मासे विकायला बसणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या उरणकडून येतात. बोंबील साफ करताना गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघत नाहीत, पण मासे गुंडाळायला रद्दीतलं पान घेतलं की ते दोन्ही बाजूंनी बघतात. वर्दीतल्या कुणाचा फोटो दिसला तर पान घडी करून बसायच्या पाटाखाली सरकवतात आणि दुसरं घेतात.

त्या सकाळी हाती आलं ते एका पुढाऱ्याचं पान. तरुणपणीचा वर्दीतला फोटो आणि वर ठळक प्रश्न: हे खरंच सैन्यात होते का? साहेब म्हणत होते, कागदपत्रं पुरात गेली. यावरून मी चार दिवस सोसायटीच्या ग्रुपवर भांडत होतो.

मावशींनी त्याही पानाची घडी केली.

"अहो मावशी, खुशाल गुंडाळा त्यात," मी तडकलो. "सैन्यात होता याचा एक कागद नाही त्याच्याकडे!"

त्यांनी पान पाटाखाली नीट सरकवलं.

"नसू दे, भाऊ. तो घरी तर आला ना? माज्या पोराचे फौजेतले सगले कागद हायत माज्याकडं."

आणि माझे बोंबील त्यांनी साड्यांच्या सेलच्या जाहिरातीत गुंडाळून दिले.

पुढाऱ्याकडे कागद मागायलाच हवेत, हे माझं मत आजही कायम आहे. फक्त आता मासे आणायला जाताना रद्दी मी घरूनच नेतो, एकेक पान आधी बघून.