शेठनी न विकलेली दोरी

ओतूरच्या बाजारपेठेत धरमचंदशेठचं दोरखंडाचं दुकान होतं आणि शेजारी माझं शिलाईचं. दिसलं तेवढंच लिहितो, चूकभूल असेल.

कासरा विकताना शेठ आधी त्याचा पीळ उलगडून आतले धागे दाखवायचे आणि विचारायचे, "कशाला पाहिजे?" बैल मारका असेल तर कासरा वेगळा. गिऱ्हाईक खोटं बोललं तरी बैल खरं सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

२००९ साली खोडदचा भरत आला. तो पुण्याच्या पोरांना जीवधन किल्ल्यावर न्यायचा. त्यांना कड्यावरून उतरवायला त्यानं इंटरनेटवरून दोरी मागवली होती. रविवारी अकरा जण येणार होते.

"शेठ, एवढी बघा. तुमी चांगली म्हणला की झालं."

शेठनी दोरी चाचपली. निळी, गुळगुळीत, वरून घट्ट विणलेली. उलगडायला पीळच नव्हता.

"आत काय आहे?"

"दोरीच आसंल की."

"तू पाहिलंस?"

"फोटू पाह्यला. लई भारी दिसत व्हती."

"मग फोटोलाच लटकव पोरं."

शेठनी माझी कात्री मागितली. भरतनं दोरी ओढून घेतली. "कापू नगा राव, परत घ्यायचे न्हाईत."

"मग मला कळत नाही," शेठ म्हणाले. वीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भरत स्टुलावर बसला.

पाकिटावर नंबर होता. शेठनी फोन लावला. "इस रस्सी से आदमी लटकाना है."

पलीकडच्या माणसानं घाबरून विचारलं, "किसको?" मग शेठनी कडा, पोरं, सगळं समजावलं, उत्तर ऐकलं आणि फोन ठेवला.

"गाडीवर सामान बांधायची आहे."

भरतचा चेहरा उतरला. "मंग तुमची एखादी द्या."

"माझी बैलाची. बैल कोणी कड्यावरून सोडत नाही. पुण्याला गिर्यारोहणाचं दुकान बघ. आतलं दाखवल्याशिवाय घेऊ नकोस."

शनिवारी भरत पुण्याहून नवी दोरी घेऊन आला. दुकानदारानं नमुन्याचा कापलेला तुकडाही दिला होता. शेठनी चष्मा पुसून त्यातले धागे पाहिले, तुकडा परत दिला आणि म्हणाले, "जा."

रविवारी दिवस मावळताना दुकानातला फोन वाजला. शेजारी बसलेल्या मलाही भरतचा आवाज ऐकू आला. "शेठ, अकराबी उतरले."

"आणि तू?"

"मीबी."

"मग बारा म्हण," शेठ म्हणाले आणि फोन ठेवला.