दिवसाउजेडी पाहिलेला काटा

सुरतजवळच्या उधन्यात गाडीच्या वायरिंगचं काही बिघडलं की लोक हिलालभाऊंकडे जातात. धुळ्याकडून येऊन त्यांना तीस वर्षं झाली, कामावर हात बसलेला, आणि हे त्यांना स्वतःलाही जरा जास्तच माहीत. काम दिवसाउजेडी करायचं आणि दिवेलागणीला शटर ओढायचं, हा त्यांचा खाक्या. उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला ते सरळ वाटेला लावतात.

महिन्याभरापूर्वी कडोदऱ्याचे एक कापडवाले शेठ गाडी घेऊन आले होते. दुपारी टाकी अर्धी असते आणि संध्याकाळी घरी परतताना पेट्रोलचा काटा पार तळाला, अशी तक्रार. हिलालभाऊंनी भर दुपारी मीटर तपासलं, टाकीतला तरंगता फ्लोट वरखाली करून पाहिला. काटा चोख चालत होता. मीटरमध्ये दोष नाही, पेट्रोल कुठे जातं ते तुम्हीच बघा, असं सांगून ते मोकळे झाले. शेठनी बघितलं ते ड्रायव्हरकडे. गजेंद्र त्याचं नाव, अमळनेरकडचा. तो चोर ठरला आणि काम सोडायला महिनाअखेरपर्यंतची मुदत मिळाली.

शेवटच्या दिवशी चावी परत करायला निघालेला गजेंद्र, हिलालभाऊ ऐन शटर ओढत असताना, गाडी घेऊन दुकानासमोर येऊन थांबला.

"भाऊ, सांजले काटा पडस न् सकायले परत वर चढस. एकडाव देखा."

आपण एकदा बघितलेलं परत बघत नाही, असं हिलालभाऊंनी तुसडेपणाने सुनावलं. अंधारून आलं होतं म्हणून गजेंद्रने गाडीचे दिवे लावले. खिडकीतून हिलालभाऊंना दिसलं, काटा अर्ध्यावरून सरकत तळाला गेला. त्यांनी दिवे बंद करायला लावले. काटा वर आला. पुन्हा लावले, पुन्हा पडला.

डिकीतला गालिचा उचलला तर मागच्या दिव्यांची आणि टाकीची अर्थिंग एकाच बोल्टवर, आणि बोल्ट गंजून गेलेला. दिवे लागले की टाकीचा निरोप मीटरपर्यंत धड पोचत नव्हता. पाच मिनिटांचं काम. पण दिवे लावून बघायचं त्या दुपारी त्यांना सुचलंच नव्हतं. हिलालभाऊंना मनापासून लाज वाटली.

बोल्ट तसाच ठेवून ते गाडीत बसले, शेठकडे जाऊन त्यांना काटा पडताना दाखवला आणि चूक आपली असल्याचं कबूल केलं. शेठनी लगेच ऐकलं. हिलालभाऊंचा शब्द होता ना. गजेंद्रला म्हणाले, सोमवारी कामावर ये.

परतताना गजेंद्रने गाडी दुकानाकडे न नेता स्वतःच्या घरापाशी थांबवली. "आते घर बी सांगा," एवढंच म्हणाला.

दारात त्याची बायको योगिता उभी होती. हिलालभाऊंनी खाली मान घालून सगळं सांगितलं. तुझा नवरा चोर नाही, मीच नीट बघितलं नव्हतं.

योगिताने नवऱ्याकडे पाहिलं नाही, हिलालभाऊंकडेच बघत राहिली.

"तुम्ही मीटर चांगलं सांगं म्हनीसन मी बी यासले चोर धरं," ती म्हणाली.