देवीचे वण आणि बँकेचं दार

कोरोना लसीचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय आत प्रवेश नाही, असा कागद सदर बाजारातल्या एका बँकेच्या दारावर चिकटवला होता. आदेश कोणाचा, कोणत्या कायद्याने, काही लिहिलेलं नव्हतं. लस मीही घेतली होती, शेजाऱ्यांच्या मागे लागून त्यांनाही घ्यायला लावली होती. पण दारावर असं अडवणं मला मान्य नव्हतं.

मोठी आई, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, माझ्याबरोबर हयातीचा दाखला द्यायला आली होती. शेवटचा दिवस होता. आज सही झाली नाही, तर काकांच्या मागे मिळणारी तिची पेन्शन थांबणार होती.

तिचे दोन्ही डोस झाले होते. मात्र तात्यापारा वस्तीतल्या लसीकरण शिबिरात आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी शेजारच्या भाडेकरूचा मोबाइल नंबर दिला होता, कारण सगळ्यांची असली कामं तोच करायचा. पुढे तो बिलासपूरला गेला, नंबर बंद झाला आणि त्यावर येणाऱ्या ओटीपीअभावी सर्टिफिकेट अडकलं.

"अम्मा, सर्टिफिकेट दिखाओ, नहीं तो साइड में," गार्ड म्हणाला.

मोठ्या आईने बाही वर सारली. दंडावर लहानपणी टोचलेल्या देवीच्या लसीचे दोन गोल, खोलगट वण. "हे पाह्य. देवी काढल्या होत्या माह्या."

"ये तो चेचक वाला है! पुराना मॉडल नहीं चलेगा, अम्मा." रांग हसली.

"हव, पुरानाच हाये. तुह्या बापाच्याही आधीचा."

मग ती रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगू लागली. "शाळेत नाव टाकाले देवीचा दाखला लागे. बाबानं शिक्क्याचा कागद आणला. मास्तर म्हणे, कागद खोटे असतात, दंड दाखव. साऱ्या पोट्ट्यांसमोर बाही वर कराले लावली! तवा कागद होता त हात मागत. आता हात हाये त कागद मागून राहिले."

मी गार्डकडे लेखी आदेश मागितला. तो आत गेला आणि मॅनेजरला घेऊन आला.

"माताजी, आप यहीं बैठिए, फॉर्म बाहर भिजवा देता हूँ," मॅनेजर नरमाईने म्हणाला.

मला हायसं वाटलं. मी पेन काढला. मोठ्या आईने माझा हात बाजूला केला.

"काहून बाहेर? मी जित्ती हाओ हे सांगाले आली. जित्त्या माणसासारखी आत येऊन सांगीन."

मॅनेजर गार्डकडे पाहू लागला, गार्ड मॅनेजरकडे. तेवढ्यात ती दोघांच्या मधून आत गेली, काउंटरसमोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आणा फॉर्म."