ताईचा ट्रॅक

खोलीतून येणाऱ्या आवाजांमुळे इमारतीतली पोरं त्याला खरखरकाका म्हणत. त्याला राग यायचा नाही. निदान कोणी ऐकतंय, एवढ्यावर गडी खूश. नोकरी कसली, तर फोन धरून ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांना ऐकवायचं संगीत बनवायची. म्हणजे ऐकणारे हजारो आणि एकजात वैतागलेले. घरी आला की तो स्वतःचं संगीत करायला बसे. फ्रिजची घरघर, पंख्याची कुरकुर, जुन्या रेडिओची खरखर कॉम्प्युटरवर ताणायची, उलटी करायची, एकावर एक रचायची आणि अल्बम म्हणून इंटरनेटवर सोडून द्यायची. त्यात चाल नसे, ठेका नसे आणि खरं सांगायचं तर श्रोतेही नसत.

समीक्षा मात्र यायच्या. असलं संगीत ऐकून वर त्यावर लिहिणारे रिकामटेकडे जगात कुठेही सापडतात. बरी असो, वाईट असो, आलेली समीक्षा तो इंटरनेटवरच्या आपल्या पानावर शेअर करायचाच. पण ती स्वतः वाचायची त्याची छाती होत नसे. वाचायची त्याची ताई. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं आणि त्या नादात तिचं लग्न राहून गेलं ते गेलंच. चष्मा चढवून ती मोठ्यानं वाचायची आणि मनाला लागेल असं वाक्य आलं की खुशाल गिळून टाकायची.

"कंटाळवाणा लिहिलंय का गं?"

"छे! 'सावकाश' असं लिहिलंय."

त्याला सगळं कळायचं. तरी बरं वाटायचं.

मग ताईच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनच्या आधी त्यानं तिला माइकसमोर बसवलं.

"अरे, पण बोलू काय?"

"काहीही बोल. तू बोल फक्त."

तिनं शेजारच्या मांजराचा उद्धार केला, कणीक कशी भिजवायची ते सांगितलं आणि शेवटी, तो लहानपणी खेळायला जाऊन परतायचा नाही तेव्हा द्यायची तशी लांब हाक मारली. नवा अल्बम त्यानं या आवाजाभोवती रचला. ती बोलते तिथे सगळी यंत्रं गप्प केली. दवाखान्याच्या खेपा घालता घालता अल्बम पुरा करून सोडूनही दिला. एकदा सोडलेला अल्बम तो पुन्हा कधी ऐकत नसे. चुका सापडतात आणि जीव जातो, म्हणून.

ताई घरी आली. पाठोपाठ एका मोठ्या मासिकात समीक्षा आली. ताईच्या गळ्याला पट्टी, तेव्हा वाचणार कोण? दुपारी तिला समोर बसवून तो स्वतःच वाचू लागला.

"'इतकं धाडसी काम फार दिवसांत ऐकलं नव्हतं.'" त्यानं वर पाहिलं. ताईनं, पुढे वाच, अशी खूण केली. "'यंत्रं थांबतात आणि मोठी पोकळी उघडते. आता कोणी बोलेल असं वाटत राहतं, पण कोणी बोलत नाही. माणसाचा आवाज इतक्या निष्ठुरपणे नाकारायला...'"

तो थांबला. झेप घालून त्यानं कॉम्प्युटर उघडला. यंत्रांचे आवाज नीट ऐकू यावेत म्हणून शेवटच्या दिवशी त्यानं ताईच्या आवाजाचा ट्रॅक तेवढ्यापुरता बंद केला होता. तो पुन्हा चालू करायचा राहिला आणि तशीच फाइल गेली.

ताईनं फोनवर लिहून त्याच्यापुढे धरलं: 'अल्बम मी दवाखान्यातच ऐकला होता. वाटलं, माझा आवाज तुला बरा नाही वाटला.'

"अगं, असं कसं वाटलं तुला? चुकून बंद राहिला गं. तुझ्या आवाजाशिवाय दुसरं होतं काय त्यात!" तो रडायलाच लागला. "थांब, आत्ता बदलतो."

तिनं त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं लिहिलं: 'मग समीक्षेत लिहिलंय ते खोटं पडेल. राहू दे. पहिल्यांदा कोणी इतकं चांगलं म्हणालंय.'

तिचा हात झिडकारून त्यानं फाइल बदलायला हवी होती. ते त्यालाही कळत होतं. पण दोन चांगल्या शब्दांसाठी तो आयुष्यभर आसुसला होता. ते असे दारात आले होते आणि त्यांना परत धाडायची ताकद त्याच्यात नव्हती. त्यानं समीक्षा शेअर केली.

अभिनंदनं येऊ लागली. कधी चकार शब्द न काढणारे लोक 'काय ती शांतता!' म्हणू लागले. मग खुद्द समीक्षकानं खाली लिहिलं: 'एकच विचारतो. त्या पोकळीत आधी कुणाचा आवाज होता का?'

ताई त्याच्या खांद्यावरून वाचत होती. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही.

'नव्हता,' त्यानं लिहिलं. 'कुणाचाच नव्हता.'

उत्तर गेलं तशी ताईनं शाबासकी द्यावी तशी त्याची पाठ थोपटली.