पाहुण्यांचा गट

झिग्बोर्दी या नावाचा आमच्या एवे भाषेत अर्थ सबुरी. बारशाच्या वेळी आईबापांनी पोरीचा आवाज ऐकला नसणार. होहोएच्या आमच्या कचेरीत तिच्याइतकं लवकर तापणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि तिच्या तापण्याला जेवढी कारणं होती तेवढी मी माझ्या उभ्या नोकरीत दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेली पाहिली नाहीत. आज ती केटे क्राचीच्या गोदामात मच्छरदाण्यांचे गठ्ठे लावते. हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

आमचा प्रकल्प क्षयाच्या तपासणीचा. गाडी व्होल्टा सरोवराच्या काठाने फिरते, लोकांच्या छातीचे फोटो काढते, आणि ते फोटो राजधानीतल्या, आक्रामधल्या मोठ्या सर्व्हरवर जातात. तिथलं यंत्र फोटो वाचून सांगतं की फुप्फुसावर डाग आहे की नाही. त्या सर्व्हरवर आमच्या प्रकल्पाचं एकच खातं. ते खातं कुणी वापरायचं हे माणसावर नाही, गटावर ठरतं. नर्सांचा गट, गाडीवरच्या तंत्रज्ञांचा गट, डॉक्टरांचा गट. कोण माणूस कुठल्या गटात, हे माझं काम. मी आस्थापनेची कारकून. कुठल्या गटाला ते खातं खुलं, हे झिग्बोर्दीचं काम. त्यासाठी तिला आक्राला जावं लागत नसे. ठरलेल्या साच्यातला निरोप ती आपल्या टेबलावरून एपीआयमार्फत, म्हणजे सर्व्हरच्या निरोप घेणाऱ्या खिडकीतून, धाडायची आणि सर्व्हर तो निमूट ऐकायचा.

यात एक खोच होती. निरोपात जेवढे गट लिहाल तेवढेच आत राहतात. एखादा लिहायचा राहिला की तो बाहेर. सर्व्हर विचारत बसत नाही की बाबा, कालचे कुठे गेले. म्हणून झिग्बोर्दी आधी सर्व्हरकडून चालू गटांची यादी मागून घ्यायची, ती मोठ्याने वाचायची, तिच्यात नवा गट जोडायची आणि मग सगळी यादी परत धाडायची. वाचताना खोलीत कुणी बोललं तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"रविवारच्या शाळेतली हजेरी घेतेस का गं?" मी म्हणायची.

"आन्टी, बाहेर राहिलेल्याला विचारा हजेरीची किंमत," ती म्हणायची. "आणि तुमचा तो पंखा बंद करा, घरघर ऐकू येते."

आमचे डायरेक्टर अमेनुवोर साहेब. माणूस दिसायला रुबाबदार, कपड्याला नेहमी कडक इस्त्री, आणि समारंभ म्हटला की अंगात येणारा. मदत देणाऱ्या परदेशी संस्थेचे लोक प्रकल्प पाहायला येणार होते आणि साहेबांना त्यांच्या हातून सर्व्हरवर फोटो वाचून दाखवायचा होता. त्यासाठी 'पाहुणे' नावाचा नवा गट करा, असं त्यांनी मला सांगितलं. मी केला, नावं घातली. तो गट खात्याला जोडायचं काम झिग्बोर्दीचं. ती म्हणाली, लगेच जोडते. साहेब म्हणाले, थांब, पाहुण्यांची तारीख अजून पक्की नाही, आधीपासून दार उघडं ठेवायला नको.

तेवढ्यात झिग्बोर्दीचा मोठा मामा वारला. ज्याने तिला शिकवलं तो मामा. अंत्यविधी आनलोगाला, आणि आमच्याकडे अंत्यविधी म्हणजे एका दुपारचं काम नव्हे. मांडव, बँड, काळ्यालाल कापडाचे सारखे कपडे, शनिवारची मूठमाती, रविवारची चर्चमधली प्रार्थना. आठवड्याभराची रजा घेऊन ती गेली. जाताना कचेरीच्या नियमाप्रमाणे आपली किल्ली, म्हणजे एपीआय उघडणारी अक्षरांची ओळ, बंद पाकिटात साहेबांच्या तिजोरीत ठेवून गेली.

ती गेली आणि पाहुण्यांची तारीख पक्की झाली. गुरुवार.

साहेबांनी तिला फोन लावला तेव्हा मी समोरच होते. आवाज खोलीभर करून ठेवलेला, मागे रडणं आणि ढोल. ती ओरडून सांगत होती, "साहेब, आधी जुनी यादी मागा. तिच्यात पाहुणे जोडा. सगळी धाडा. एकटे पाहुणे धाडू नका."

"हो हो, मी शिकलोय ते," साहेब म्हणाले. "मामांना आमची श्रद्धांजली सांग."

शिकले होते, हे खरं. आक्राला कोर्स केला होता, प्रमाणपत्र खुर्चीच्या मागे फ्रेम करून लावलं होतं. पण ऐकणं हा त्या कोर्सात विषय नसावा. त्यांनी पाकीट फोडलं, तिच्या किल्लीने दार उघडलं आणि सर्व्हरला निरोप धाडला. त्यात एकच गट होता.

आता आमच्याकडे समारंभात काय होतं ते बघा. मांडव घालतात, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात, गावचे लोक वेळेवर येऊन बसतात. मग उशिरा मोठी माणसं येतात, आणि दंडावर फीत बांधलेला कुणीतरी बसलेल्यांना उठवतो. उठा, पाहुणे आलेत. लोक उठतात. बायका पोरं काखेला मारून मागे उन्हात जाऊन उभ्या राहतात, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. साहेबांनी सर्व्हरवर नेमकं तेच केलं. नर्सांना उठवलं, तंत्रज्ञांना उठवलं, डॉक्टरांना उठवलं, आणि सगळ्या खुर्च्या पाहुण्यांना दिल्या. फरक इतकाच की उठवलं गेलंय हे त्या लोकांना ठाऊकच नव्हतं.

गुरुवारी पाहुण्यांपैकी एका बाईने बटण दाबलं, पडद्यावर फुप्फुस उमटलं, टाळ्या झाल्या. जोलोफ भात आणि कोंबडी झाली, माल्टच्या बाटल्या उघडल्या. मी मागे उभी राहून जेवले. माझी खुर्ची पाहुण्यांच्या ड्रायव्हरकडे गेली होती.

जेवण उरकायच्या आतच यायराचा फोन आला. यायरा म्हणजे सरोवराकाठी आमेकोपेच्या दवाखान्यातली आमची नर्स. "आन्टी, पडद्यावर लिहून येतंय की तुमच्या गटाला हे खातं वापरायची परवानगी नाही. माझ्यासमोर बाई बसलीय. फोटो काढून ठेवलाय, पण जातच नाही."

मी साहेबांकडे गेले. ते पाहुण्यांना निरोप द्यायला निघाले होते. "नेटवर्क," ते म्हणाले.

"साहेब, परवानगी नाही असं लिहून येतंय. नेटवर्क परवानग्या देत नाही."

"आन्टी एसिनाम, तुम्ही रजेचे अर्ज बघा."

रजेचे अर्ज मी बघतेच. झिग्बोर्दीला फोन लावला तर तो बंद. अंत्यविधीच्या घरात कोण कुणाचा फोन चार्ज करतं. शुक्रवारी यायराचा पुन्हा फोन, शनिवारी पुन्हा. तिच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या बाईचं नाव दावी काफुइ. सरोवरातल्या बेटावर मासे धुरवून विकणारी. गेले कित्येक महिने खोकला, अंगावरचं कापड दर थोड्या दिवसांनी आणखी एक वेढा जास्त घेतं, आणि घरात एका खोलीत तिच्यासोबत लेकीचं तान्हं बाळ निजतं. तिची होडी मंगळवारच्या बाजारानंतर परतणार. ती गेली की पुन्हा कधी येईल ते काफुइलाही सांगता येत नव्हतं. फोटो वाचला गेल्याशिवाय औषध सुरू करायची यायराला मुभा नाही. तिने बाईला कसंबसं थांबवून ठेवलं होतं, स्वतःच्या घरून मक्याच्या पिठाचं अक्पले आणि भेंडीचं कालवण आणून खाऊ घालत होती.

सोमवारी झिग्बोर्दी आली. डोळे सुजलेले, अंगावर अजून काळं. टेबलावर एक कागद वाट पाहत होता. आमच्या कचेरीत त्याला क्वेरी म्हणतात: तुमच्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा करा. तिच्या किल्लीने गुरुवारी धाडलेल्या चुकीच्या निरोपामुळे दवाखान्यांचं काम बंद पडलं, असं त्यात होतं. खुलासा मंजूर होईपर्यंत तिची किल्ली रद्द.

म्हणजे चार दिवसांत साहेबांना कळलं होतं की अडचण नेटवर्कची नाही. कळल्यावर त्यांनी नर्सांना आत घेतलं नाही. आधी दोष कुणाच्या गळ्यात बांधायचा ते पाहिलं. माणूस चुकतो, मीही चुकते. पण तिकडे बाई खोकतेय आणि इकडे हा इस्त्रीचा सदरा घालून क्वेरी टाइप करून घेतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झिग्बोर्दी कागद घेऊन आत गेली. दार तिने लावलं नाही, आणि मीही दुसरीकडे गेले नाही.

"गुरुवारी मी आनलोगाला मामाची शवपेटी घरात आणत होते की इथे बसून सर्व्हरला निरोप धाडत होते, तेवढं सांगा, म्हणजे खुलाशात लिहिते."

"झिग्बोर्दी, नोंदीत तुझी किल्ली आहे. सर्व्हर खोटं बोलत नाही."

"सर्व्हर किल्ली बघतो, साहेब. हात बघत नाही. पाकीट कुणी फोडलं?"

"आवाज खाली."

"आवाज राहू द्या. माझा जो काय निकाल लावायचा तो सावकाश लावा. पण किल्ली मला आत्ता पाच मिनिटं द्या. नर्सांना आत घेते आणि परत करते."

"आधी खुलासा. चूक मान्य असेल तर दोन ओळी लिही, मी आजच सही करतो. मग किल्ली."

दोन ओळी. मी केलं, माफ करा. ती लिहिली असती तर काफुइचा फोटो त्याच दुपारी गेला असता, आणि हे त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं. औषध तिकडे अडवून सही इकडे मागत होता. झिग्बोर्दी बाहेर आली, माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसली आणि तिने माझं पेन ओढून घेतलं.

"लिहून टाकते, आन्टी," ती म्हणाली. "बाईची होडी उद्या आहे."

"लिहू नकोस."

"मग काय करू? खात्यावर आता एकच गट आहे, आणि तो त्या गोऱ्या लोकांचा."

ती हे बोलली आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो. गट खात्याला जोडणं तिच्या हातून काढून घेतलं होतं. पण माणूस गटात घालणं माझ्या हातात होतं, ते काढून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. रजेचे अर्ज बघणाऱ्या बाईकडून कोण काय हिसकावणार.

मी चष्मा पुसला. 'पाहुणे' हा गट उघडला. परदेशी पाहुणे शुक्रवारीच विमानाने गेले होते. मी यायराला पाहुणी केलं. मग सरोवराकाठच्या बाकीच्या नर्सा, गाडीवरचे तंत्रज्ञ, डॉक्टर, एकेकाला पाहुणा केलं. झिग्बोर्दी बाजूला उभी राहून नावं मोठ्याने वाचत होती आणि मी तिला पंख्यावरून एका शब्दाने चिडवलं नाही.

यायराचा फोन आला तेव्हा ती रडत होती की हसत होती कळेना. फोटो गेला होता. यंत्राने डाग दाखवला, आमच्या डॉक्टरांनी तो खरा म्हटला, आणि मंगळवारी काफुइ गोळ्यांची पिशवी पोटाशी धरून होडीत बसली. तान्ह्याला आणि लेकीला पुढच्या बाजारी घेऊन ये, असं यायराने तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. ती घेऊन आलीही.

साहेबांना कळायला वेळ लागला नाही. दुसरी क्वेरी आली, या वेळी आम्हा दोघींना. मी लिहिलं की नावं मी घातली, पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालीन. माझी पेन्शन दारात उभी होती, माझं ते काय वाकडं करणार. झिग्बोर्दीने दोन्हींचं उत्तर एकाच कागदावर दिलं: "पहिला निरोप माझा नाही. दुसरी कल्पना माझी आहे." माझ्यावर ताशेरे ओढून सोडलं. तिची बदली केटे क्राचीच्या गोदामात झाली. सरोवराच्या पार पलीकडे, जिथे एपीआय नाही, सर्व्हर नाही, फक्त मच्छरदाण्या आहेत. कारण काय लिहिलं होतं, तर प्रशासकीय सोय.

तिच्या जागी कुणी आलं नाही. जुने गट परत जोडायची फाइल साहेबांच्या टेबलावर गेली आणि तिथेच राहिली. जोडायला गेले आणि पुन्हा काही बंद पडलं तर या खेपेला ज्याच्या माथी क्वेरी मारावी असं कुणी उरलं नव्हतं ना. त्यामुळे आमच्या नर्सा पाहुण्याच राहिल्या. स्वतःच्या गावात, स्वतःच्या दवाखान्यात, स्वतःच्याच माणसांच्या फुप्फुसांचे फोटो पाहुण्या म्हणून पाठवत राहिल्या.

परवा वार्षिक सभा झाली. मांडव, खुर्च्या, उशिरा आलेले मोठे लोक, सगळं नेहमीचं. अमेनुवोर साहेबांनी अहवाल वाचला. यंदा आपल्या सर्व्हरचा सर्वांत जास्त वापर पाहुण्यांच्या गटाने केला, परदेशात आपल्या कामाविषयी केवढी आस्था आहे याचा हा पुरावा, असं त्यांनी वाचलं. पाहुणे कोण हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कुठे एक रेघ हलली नाही. टाळ्या पडल्या.

मागे उन्हात नर्सांची ओळ उभी होती. पहाटेच्या होडीने आलेल्या, वेळेवर येऊन बसलेल्या आणि मग उठवलेल्या. यायरा त्यांच्यात होती. मला या वर्षी निवृत्तीचा मान म्हणून पुढची खुर्ची दिली होती. मी उठले, मागे गेले, यायराचा हात धरून तिला सगळ्यांच्या मधून पुढे आणलं. फीतवाला पोरगा आडवा आला. "आन्टी, ही खुर्ची पाहुण्यांची आहे."

"मग बरोबर," मी म्हटलं. "यायरा, बस."