सावलीचे दगड

आमचे बळवंतगुरुजी अंघोळीला मोजून चोवीस तांबे घेत आणि प्रत्येक तांब्याला एक आकडा ठणकावत. "दोनशे पंचवीस! दोनशे चोवीस! दोनशे बावीस!" असं उतरत उतरत शेवटी "सात!" वैनगंगेकाठच्या त्या शाळेत मी नवा मास्तर, गुरुजींच्या शेजारीच राहायला; पहिल्या दिवशी वाटलं, बैलांचा लिलाव चाललाय.

"'ज्या' म्हंजे तुमचा साइन, त्याच्या वाढीचे आकडे हायेत मास्तर, जुन्या ज्योतिषातले," गुरुजी म्हणाले. " सूर्य सकाळी उड्या मारत चढते, दुपारी म्हाताऱ्यावानी. बापानं पाठ करून घेतले."

त्या वर्षी पाऊस भाद्रपदातच संपला. धान निसवायला आलेलं आणि तलाव तळाला. तलावाच्या पारेवर, म्हणजे बांधावर, एक काठी रोवलेली होती. सकाळची लांब सावली आखडत एका दगडावरून दुसऱ्यावर आली, की पाणी पुढच्या शेतात. दगड गुरुजींनीच आठ वर्षांपूर्वी मांडलेले, अगदी सारख्या अंतरावर. पहिली पाळी विधवा सोनाबाईची, भर दुपारची शेवटची गुरुजींची.

"गुरुजी, पानी माझ्या बांधीत शिरत नाई तं सावली दगडावर!" सोनाबाई पारेवरून ओरडली. "सूर्य बी तुमच्या घरचा हाय का?"

सगळे हसले. मीही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी तिसऱ्याच तांब्याला थांबले आणि ओल्या धोतरानं पारेवर धावले. सोनाबाईचं अंतर सावलीनं झपकन ओलांडलं; त्यांचं स्वतःचं संपता संपेना.

"तीस वर्षं बोंबलून राह्यलो मास्तर, एक डाव बी सोताच आयकलं नाई."

दोन दिवस पाटीवर गणित करून त्यांनी दगड हलवले. सोनाबाईचे दोनशे पंचवीसाला शोभतील असे लांब लांब, स्वतःचे साताचे, जवळजवळ चिकटलेले.

"भर दुष्काळात आपलंच पानी काऊन कापता?" यमुनाबाई, त्यांची बायको, दगडांत उभ्या राहिल्या. "पोरीईले तणस चारू का?"

"आठ वर्षं तिचं पेलो, यमुना."

सोनाबाईचं धान भरलं. गुरुजींच्या लोंब्या पोचट निघाल्या. घरात आलं ते तणसच, नुसता पेंढा. यमुनाबाईंनी बोलणं टाकलं. गुरुजींच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. त्यांची थट्टा केल्याशिवाय मला चहा उतरत नसे, पण त्या दिवसांत तोंड उघडवेना.

एका सकाळी आकडे उतरत आले. "सदतीस... बावीस..." आणि थांबले. तांबा हातात तसाच.

"सात!" चुलीपासून यमुनाबाई खेकसल्या. "आंग सुकून राह्यलं. म्हना, अन् खायले या. सोनीनं तिच्या धानाच्या कन्या देल्ल्या हायेत."

गुरुजींनी तांबा ओतला. साताचा आकडा मात्र मला ऐकू आला नाही.